ओव्या गावी पोचवताना

आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची २२ तासांची रेकॉर्डिंग्ज माझ्या पुण्यातल्या लॅपटॉपवर होती. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ वेव्ह (न दाबलेल्या आवाजाची फाइल) म्हणजे तासाला साधारण १ जीबी. दादा गावी बसून शब्द उतरवून घेतो, म्हणून दोघांची रिपॉझिटरी (फायली आणि त्यांच्या बदलांचा इतिहास ठेवणारं फोल्डर) सिंकमध्ये, म्हणजे एकसारखी, ठेवायची होती.

आधी सगळं थेट गिट या बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनातच घातलं. चूक झाली. वेव्ह फारशी दबत नाही, त्यामुळे फोल्डर जवळजवळ दुप्पट फुगलं. फायली काढून तो बदल नोंदवला (कमिट केला) तरी जागा सुटेना, कारण इतिहासात त्या तशाच बसलेल्या. मग गिट-अ‍ॅनेक्सकडे वळले. जोई हेस यांनी २०१०मध्ये सुरू केलेलं हे साधन गिटमध्ये फाइलचं फक्त नाव आणि चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, प्रत बिघडली तर तो जुळत नाही) ठेवतं. खरा ऐवज कुठल्या मशिनवर आहे याची नोंद गिटच्याच वेगळ्या ब्रांचमध्ये (शाखेत) असते.

सिंक केलं आणि दादाचा फोन आला, "अगं, नावं सगळी दिसतायत, पण वाजत एकही नाही." त्याच्याकडे नुसत्या सिमलिंक, म्हणजे खऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या खुणा, पोचल्या होत्या. गावच्या नेटवर २३ जीबी कधी उतरणार! दिवाळीला तो आला तेव्हा एका पोर्टेबल डिस्कवर तिसरी रिपॉझिटरी केली (एक्सफॅट या डिस्कच्या फॉरमॅटवर सिमलिंक चालत नाहीत, म्हणून डिस्क आधी ईएक्सटी४ या फॉरमॅटची करून घेतली) आणि सगळं कॉपी केलं.

लॅपटॉप गच्च भरला होता, म्हणून लगेच 'ड्रॉप' (इथली प्रत काढायची कमांड) दिलं. नकार. 'नमकॉपीज', म्हणजे कमीत कमी किती प्रती उरायला हव्यात तो आकडा, मी २ ठेवला होता. इथली सोडून आणखी दोन ठिकाणी प्रत असल्याची खात्री पटल्याशिवाय हे साधन फाइल काढत नाही. डिस्कवर एक होती, दादाकडे अजून काहीच नव्हतं. 'फोर्स' लावून, म्हणजे ही खात्री न करताच काढायला लावून, मोकळं व्हावं असं दोनदा मनात आलं. नाही लावलं. डिस्क दादाच्या पिशवीत गेली.

गावी त्याने 'गेट' (खऱ्या फायली आणायची कमांड) चालवलं. एक सोडून सगळ्या फायली आल्या. त्या एकीचा चेकसम जुळेना, डिस्कवरची प्रत बिघडली होती. नेमकी आजीची शेवटची बैठक, १८ मिनिटांची. आजी आता नाही.

संक्रांतीला लॅपटॉप घेऊनच गेले. घरच्या वायफायवरून दादाने ती फाइल माझ्याकडून घेतली. डिस्कवर 'एफएससीके' (प्रती तपासायची कमांड) चालवून बिघडलेली प्रत बाजूला काढली, चांगली ठेवली. 'व्हेअरइज', म्हणजे प्रत कुठेकुठे आहे, असं विचारलं, तीन ठिकाणं दिसली. मग फाइल लावली. आधी नुसती जात्याची घरघर, मग आजीचं खाकरणं. दादा उठून आईला बोलवायला गेला.