तुम्ही विचारलंत म्हणून: बाजरी आहे, मग पक्षी कुठे गेले?

"गच्चीत रोज बाजरी ठेवतो, पण दिवाळीच्या तोंडावर पक्षी येईनासे झाले. काय चुकलं?" ऑक्टोबर लागला की सोलापुरातून हा प्रश्न हमखास येतो. चुकलेलं काही नसतं. बाहेरच इतकं पिकलेलं असतं की तुमच्या बाजरीची गरज उरत नाही.

सकाळी सातच्या आत सिद्धेश्वर वनविहारात जा आणि झाडांआधी गवत बघा. पावसाळी गवत आता बीवर आलेलं असतं. ठिपकेवाली मुनिया काडीला बिलगते, तिच्या भाराने तुरा वाकतो आणि ती एकेक दाणा चोचीत फिरवत टरफल खाली सांडते. तिथेच सूर्यपक्षी दिसला आणि मादी वाटला, तर गळा नीट पाहा. पिवळ्या छातीवर मधोमध काळी रेघ असेल तर तो नर. वीण संपल्यावर त्याचा जांभळा झगमगाट उतरतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर याच सुमारास भोवत्या हे शिकारी पक्षी येतात, तलावांच्या काठी धोबी पक्षी शेपटी हलवू लागतात.

तेव्हा दाणे वाढवू नका. जास्त टाकलं की आधी पारवे जमतात, रात्री उंदीर. सकाळी मूठभर बाजरी किंवा राळे पुरे. संध्याकाळी उरलेलं झाडून टाका. परतीच्या पावसात भिजलेल्या दाण्याला बुरशी येते, ती पक्ष्यांना बाधते. भांड्याच्या तळाला दोन-तीन बारीक भोकं हवीतच. फरसाण, खारे शेंगदाणे, मिठाचा भात अजिबात नको.

आता खरी निकड पाण्याची. आपल्याकडची ऑक्टोबरची उष्णता काही कमी नसते. मातीचं खरखरीत परळ घ्या, पाणी फार तर दोन इंच, मध्ये एक दगड. गुळगुळीत स्टीलवर पाय घसरतात, म्हणून पक्षी आंघोळीला उतरत नाहीत. पाणी रोज बदला, पण नुसतं ओतून भागत नाही: डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याला चिकटून राहतात. नारळाच्या शेंडीने कडा घासा, साबण नको. परळ झुडपापासून दोन-तीन मीटरवर असावं. अगदी खेटून ठेवलं तर मांजराला दबा धरायला जागा मिळते.

आणि माझा आग्रह एकाच गोष्टीचा: अंगणातलं गवत दिवाळीच्या साफसफाईत सरसकट कापू नका. एक कोपरा डिसेंबरपर्यंत राहू द्या.