तुम्ही विचारलंत म्हणून : बँकवाला आणि निवडणूक

"आयुष्यभर कर्जं दिलीत, माणसं पारखलीत, आता निवडणुकीला का उभे राहत नाही?" निवृत्त झाल्यापासून हे मला बरेचजण विचारतात. मी त्यांना अमेरिकेतल्या विल्यम क्लार्कची गोष्ट सांगतो.

1839 साली पेन्सिल्व्हेनियात जन्मलेला हा गडी 1863 मध्ये सोन्यामागे मोंटानातल्या बॅनॅकला पोचला. सोनं थोडंफार मिळालं, पण खरा पैसा खाणवाल्यांच्या पोटात आहे हे त्यानं हेरलं. सॉल्ट लेक सिटीहून गाडीभर माल आणला. त्यातली अंडी थंडीनं गोठली. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. यानं ती गुत्तेवाल्यांना डझनाला 3 डॉलरनं विकली; दारूत फेटून घालायला चालतात ना!

पुढे मोंटानातल्याच डियर लॉज गावी बँक. तिथल्याच ब्यूट गावच्या खाणींत पैसा घातल्यावर गडी थेट न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठाच्या खाणकाम विद्यालयात, खनिज पारखायला शिकायला गेला. खाण तारण घ्यायची तर तिची किंमत मालकापेक्षा आपल्याला जास्त कळायला हवी. इथवर मी त्याला मानतो. फार्लिन नावाच्या खाणवाल्यानं त्याच्याकडून कर्ज घेतलं, ते थकलं, आणि मालमत्ता क्लार्ककडे आली. त्यात बेकायदा काही नव्हतं.

मग त्याला सिनेटर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाचा सदस्य, व्हायचं झालं. तेव्हा सिनेटर राज्याचं विधिमंडळ निवडायचं. म्हणजे मतदार मोजके, आणि कोण किती अडलाय हे चाचपता येण्याजोगं. ती चाचपायची सवय मलाही आहे हो, तीस वर्षांच्या नोकरीत हाडात मुरलेली. म्हणूनच मी लोकांच्या दारी मतं मागायला जात नाही.

जानेवारी 1899 मध्ये फ्रेड व्हाइटसाइड या सदस्यानं हजार-हजार डॉलरच्या 30 नोटा पुढे ठेवल्या : क्लार्कच्या माणसांनी मतांसाठी दिलेल्या. तरी क्लार्क निवडून आला, आणि व्हाइटसाइडचीच आमदारकी गेली! 1900 मध्ये सिनेटची समिती एकमतानं विरोधात गेल्यावर क्लार्कनं राजीनामा दिला. गव्हर्नर राज्याबाहेर असल्याचं साधून नायब गव्हर्नरनं रिकाम्या जागी क्लार्कलाच नेमलं. बुडीत खातं बंद करून त्याच तारणावर नवं कर्ज काढावं, तसा प्रकार. गव्हर्नरनं परतल्यावर ती नेमणूक धुडकावली. पण 1901 मध्ये क्लार्क पुन्हा निवडून आलाच, आणि 1907 पर्यंत सिनेटमध्ये बसला.

सिनेटर थेट जनतेनं निवडायची घटनादुरुस्ती व्हायला 1913 उजाडलं. लास व्हेगस ज्या काउंटीत आहे, तिला मात्र 1909 पासून क्लार्कचंच नाव आहे.