“कुठला फ्लॅट?”

वॉचमनने रजिस्टर पुढे सरकवत विचारलं आणि मी गप्प.

मावशीचा वरळीच्या बीडीडी चाळीतला जुना पत्ता मला वेगळाच पाठ होता. तिसरा मजला, जिना चढून डावीकडे, बाहेर कुणाचे तरी पापड वाळत असतील तिथे. खोली नंबर कधी लागलाच नाही. शेवटी तिला फोन केला, तेव्हा लिफ्टपर्यंत पोहोचले.

ऑगस्ट २०२५ मध्ये इथे चाळींच्या जागी बांधलेल्या टॉवरमधल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून थेट ५००! मावशीने घर दाखवलं ते संडासापासून. दोनदा फ्लश करून दाखवला. “इतकी वर्षं रात्रीबेरात्री बाहेरच्या संडासात जायचं म्हणजे कुणाला तरी सोबतीला उठवायला लागायचं गं,” म्हणाली. “आता गुडघ्यांना विचारायला नको.”

मी मात्र चाळीतला पॅसेज आठवत बसले होते. मे महिन्यात आठ दिवस राहायला येणाऱ्या भाचीला पॅसेजच आठवणार म्हणा! पाण्यासाठी पहाटे उठणारी ती, मी नव्हे.

निघताना एक गोष्ट दिसली. आजूबाजूची सगळी दारं बंद. मावशीचं मात्र सताड उघडं, आडवी चप्पल लावून अडवलेलं. म्हटलं, “अगं, लाव की.”

“लावते ना, जेवताना लावते. पण कुणी हाक मारली तर?”

मी लिफ्टमध्ये शिरेपर्यंत ती त्या दारातच उभी होती.

चाळीतून टॉवरमध्ये गेलेलं कुणी आहे का इथे? तुमचं दार उघडं असतं?