पांढरी चार

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत नाटकाचा ऑर्गन वाजवणाऱ्याला सगळे 'मास्तर' म्हणतात. माझं शिक्षण दहावी, तेही गचके खात. पण वडशापासून कुरखेड्यापर्यंत मला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही. ऑर्गन आता नावापुरताच राहिला. पायाने भाता मारायची ती जुनी पेटी घरी धानाच्या पोत्यांमागे पडली आहे, नाटक कंपनीत मी कीबोर्ड वाजवतो. भाऊबीजेपासून होळीपर्यंत नाटकं, उन्हाळ्यात लग्नं, पावसाळ्यात दीड एकर धान. असे बावीस हंगाम झाले.

ही गोष्ट ज्या हंगामातली, त्या हंगामात आमच्या पोस्टरवर एक नऊ वर्षांची पोरगी होती. मोठ्या नटांचे फोटो वर, तिचा खाली कोपऱ्यात, गोल चौकटीत, आणि नावाच्या आधी 'बेबी'. सगळ्या कंपन्यांची ही रीतच आहे. पोर कितीही दांडगं असो, पोस्टरवर बेबीच. कंपनीत मात्र तिला सगळे पिल्लू म्हणायचे.

तिचा आजा गुरुदेव सेवा मंडळातला. तुकडोजी महाराजांची भजनं खंजेरीवर म्हणायचा आणि पोरगी त्याच्या मांडीला मांडी लावून बसायची. तिचा सूर तिथे पक्का झाला. कोणी शिकवला नाही. पहिल्या हंगामात तिला मुक्या मुलीचं काम मिळालं, नाईटचे तीनशे रुपये. एकदा मेकअप चालू असताना ती माझ्या मागे बसून नायिकेचं गाणं गुणगुणत होती. मी कीबोर्डवर काळी पाच धरली, म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीवर सा. ती न बघता तिथे येऊन बसली, जशी चिमणी तारेवर बसते. निर्मात्याला मीच सांगितलं, हिला गाणं द्या. पुढच्या हंगामात सातशे झाले आणि तिसऱ्या अंकात तिच्यासाठी एक गाणं घातलं गेलं. चाल माझी. भीमपलासी रागाच्या अंगाची, पोराला झेपेल एवढीच.

हे आधी सांगतो, कारण पुढच्या गोष्टीत माझा हात किती होता ते कळायला हवं.

पौषातली रात्र. आरमोरी तालुक्यातलं एक गाव, दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक. आदल्या रात्री आमचा प्रयोग पार गोंदिया जिल्ह्यात झाला होता. पहाटे साडेपाचला पडदा पडला, सामान ट्रकमध्ये भरलं, कलाकार गाडीत. पोरगी आईच्या मांडीवर झोपून आली. दुपारी गावातल्या एका घरी उतरलो, वरण-भात आणि वांग्याची भाजी जेवलो, आणि मी आडवा झालो. पिल्लू मात्र त्या घरच्या पोरांबरोबर शंकरपट पाहायला पळाली. तिला कोण थांबवणार? बैल धावतात आणि नऊ वर्षांच्या पोरीने झोपावं!

बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगतो. आमच्याकडे थेटर म्हणजे शेतात उभारलेला मंच. पुढची जमीन खोदून उतरती केलेली, तिच्यावर तणस, म्हणजे धानाचा पेंढा. लोक ब्लँकेटं, शाली, चादरी घेऊन येतात आणि रात्रभर बसतात. पावण्यारावण्यांनी गाव भरलेलं असतं, निम्म्या सोयरिकीही त्याच दोन दिवसांत जुळतात. मंचासमोरच्या खड्ड्यात आम्ही वाजवणारे, आमच्या शेजारी प्रॉम्प्टर, हातात संहिता आणि वर एक बल्ब. नाटक दहा-साडेदहाला सुरू होतं आणि उजाडायच्या आसपास संपतं. लवकर संपवलं तर गाववाले चिडतात. २०२३ मध्ये आमच्यातल्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हापासून दुरून लोक येतात, फोटो काढतात, आणि साधारण एक वाजता गाडीत जाऊन झोपतात.

पहिल्या अंकात साडेअकराला पिल्लूची पहिली एंट्री, तिसऱ्यातलं गाणं तीन वाजून गेल्यावर. मधले तीन तास ती पडद्यामागे कपड्यांच्या पेटीवर झोपायची आणि आई तिला वेळेवर उठवायची. तोंडावर पाणी, गालाला पुन्हा पावडर, की झाली तयार. त्या रात्रीही आईने उठवली. पण थंडी इतकी होती की पोरगी शालीत गुरफटूनच स्टेजवर आली. प्रसंगाला ते शोभलंही. प्रसंग असा, की बाप दारुडा, पोर तापाने फणफणलेली, आईच्या मांडीवर डोकं. तिने म्हणायचं, "आई, मी गाणं म्हणू?" मग गाणं, आणि गाण्याच्या शेवटी प्राण जायचा.

आईचं काम करणारी बाई नागपूरची, मुरलेली. तिने लांब स्वगत म्हटलं. त्यानंतर पोरीचं वाक्य. वाक्य आलंच नाही.

मी वर पाहिलं. खड्ड्यातून मला पोरीचा चेहरा दीड हातावर दिसत होता. तोंड किंचित उघडं, खालच्या ओठावर लाळेचा थेंब. अभिनयात लाळ येत नाही.

प्रॉम्प्टर कुजबुजला, "आई, मी गाणं म्हणू?" मग जरा मोठ्याने. मग इतक्या मोठ्याने की पहिल्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "म्हण नं बाप्पा, तूच म्हण!" चार लोक हसले. मी गाण्याआधीचा पीस वाजवला. संपला. पुन्हा वाजवला. बाईने पदर पुढे ओढला आणि पदराखाली पोरीच्या कानाची पाळी पिळताना मी पाहिली. तोंडाने तिचं चालूच होतं, "बोल ना माझ्या बाई, एकदा तरी बोल!" आणि ती खरीच रडत होती, भीतीने असेल. मागे तणसावर बसलेल्या बायाही रडायला लागल्या. चौथ्यांदा पीस वाजवून मी नुसता षड्ज-पंचम, म्हणजे सा आणि प, धरून ठेवला. दुसरं काय करणार?

आणि ती गायला लागली. वाक्य नाही, डोळे बंद, मांडीवरून डोकंही उचललेलं नाही.

पण काळी पाचमध्ये नाही. झोपेत तिच्या कानाला माझा खालचा पंचम लागला होता आणि तोच तिने षड्ज धरला. काळी पाचचा पंचम म्हणजे पांढरी चार, चौथी पांढरी पट्टी. इतक्या खाली ती कधी गायलीच नव्हती. पट्टी बदलायचं ट्रान्सपोजचं बटण दाबलं असतं तर चालू सूर उडी मारून खाली आला असता, म्हणून मी बोटंच सरकवली आणि पांढरी चारमध्ये हाताने वाजवत तिच्या मागे गेलो. तबलेवाल्याने माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. त्याचा तबला काळी पाचला लावलेला. पण पांढरी चारचा शुद्ध मध्यम म्हणजे काळी पाचच, आणि भीमपलासीचा सगळा जीव मध्यमात. प्रत्येक समेला तो मध्यम असा घुमत होता की जणू आम्ही ठरवूनच लावला होता.

तिचा आवाज जड होता, अर्धा श्वास आणि अर्धा सूर. तिसऱ्या ओळीला ती जवळजवळ थांबली, तबलेवाला ठेका धरून बसला, आणि ती पुन्हा आली. बावीस हंगामांत मी असलं गाणं ऐकलं नाही. तीन-चार हजारांचा जमाव होता आणि माझ्या पायाजवळच्या पंख्याची घरघर मला ऐकू येत होती. अॅम्प्लिफायर थंड ठेवायला लावलेला पंखा, दुसऱ्या कशाचा नाही.

गाणं संपलं. पोरीने मान टाकली. टाकायचीच होती, पण ती पुन्हा झोपली होती.

आता मेलेल्या पोरीला वन्स मोअर द्यावा का? झाडीपट्टीत हा प्रश्न कोणी विचारत नाही. मेलेला माणूस उठतो, गातो, बक्षीस घेतो आणि परत मरतो. माईकवरून पुकारा झाला, अमुक गावच्या पाटलांकडून एकशे एक, तमुक महिला मंडळाकडून पाचशे एक. पोरीच्या आईने विंगेतून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून 'नाही' म्हणू शकलो असतो, मास्तरचं तेवढं ऐकतात. मी पीस वाजवला.

पोरीला उभी केली. टाळ्यांनी ती टक्क जागी झाली होती. काळी पाचमध्ये, स्वच्छ, एकही जागा न चुकवता ती गायली आणि गाण्यातलं सगळं निघून गेलं. लोकांनी टाळ्या दिल्या, आधीपेक्षा जास्त. बक्षिसाचे अकराशे रुपये जमले.

सकाळी आलूबोंडे खाताना निर्माता मला म्हणाला, "मास्तर, आजपासून ते गाणं खालच्याच पट्टीत घ्याचं."

"ते झोपेत झालं जी," मी म्हटलं. "जागेपणी तिचा आवाज तिथे पोहोचत नाही."

"मग रियाज करून घ्या. लताबाईसुद्धा लहानपणीच स्टेजवर उभ्या राहिल्या का नाही?"

राहिल्या होत्या, वडिलांच्या नाटक कंपनीत. आणि १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ गेले तेव्हा त्या तेरा वर्षांच्याही नव्हत्या, घर त्यांच्या अंगावर आलं. हे उत्तर मला गाडीत बसल्यावर सुचलं. बोंडा तोंडात असताना असलं काही सुचत नाही.

पोरीच्या शाळेतल्या सरांनी मला आधी एकदा गाठलं होतं. २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलावंत पोरांना अटींवर सूट मिळाली, हे त्यांनीच सांगितलं. २०१७ च्या नियमांप्रमाणे दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांवर नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि कमाईतले निदान वीस टक्के पोराच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत. मी तेव्हा मनात हिशेब केला होता. साडेअकरा ते साडेतीन, चार तास, त्यात प्रत्यक्ष स्टेजवर चाळीस मिनिटं. पाच तासांत बसतं! पेटीवरची झोप मी विश्रांतीत धरली होती. परवानगीचा कागद मात्र मी कधी पाहिला नाही, आणि विचारलाही नाही. त्या अकराशेतले दोनशे वीस मी आईला वेगळे काढायला लावले. तिने काढले, आणि वर मलाच म्हणाली, "तुमी हाव म्हणून, मास्तर."

दुसऱ्या रात्री आम्ही पांढरी चारमध्ये करून पाहिलं. खालच्या सुरांवर नुसती हवा आली. तिसऱ्या रात्री मी निर्मात्याला न विचारता काळी पाचवर आलो. तो काही बोलला नाही, किंवा त्याला कळलंच नाही.

आठवडाभराने गाडीत पिल्लू माझ्या शेजारी येऊन बसली. त्या रात्री प्रेक्षकांतल्या कोणी तरी मोबाईलवर गाणं धरलं होतं आणि ते फिरत फिरत आमच्या तबलेवाल्याकडे आलं होतं. त्याने तिला लावून दिलं. चित्र अंधारलेलं, लांबून घेतलेलं, मांडीवर काय आहे तेही दिसत नव्हतं. तिने मोबाईल कानाला लावून पूर्ण ऐकलं. मग परत दिला.

"माझं गाणं हाय," ती म्हणाली, "पण हे म्हणून कोण राहिली? मोठी बाई हाय कोणीतरी."

तबलेवाला हसला. मी खिडकीची काच लावली, वारा फार लागत होता, आणि तिला म्हटलं, "झोप आता, आरमोरी यायला तासभर आहे."