इलेक्ट्रिक पिकअप घेण्याआधी : भरलेल्या गाडीची २३६ किलोमीटरची चाचणी फेरी

शोरूमवाले देतात ती चाचणी फेरी कामाच्या गाडीसाठी बिनकामाची असते. रिकामा हौदा, सपाट रस्ता आणि दहा मिनिटं, एवढ्यात गाडीचा झपाटा कळतो, पण ती आपलं काम करेल की नाही ते कळत नाही. म्हणून ही फेरी रोजच्या कामासारखीच आखली होती : गोदामापासून साइटपर्यंत ११८ किलोमीटर, त्यात ७० सपाट, १४ घाटाचे (चढ ६०० मीटर) आणि ३४ पठाराचे. जाताना हौद्यात माल, साइटवर आठ तास गाडीच्याच विजेवर अवजारं, येताना मागे १,९०० किलोचा उंच, बंदिस्त ट्रेलर. गाडीचं मोकळं वजन २,८०० किलो, भारक्षमता ८५० किलो, बॅटरी वापरता येण्याजोगी ९८ युनिट. विक्रेत्याकडून एक पूर्ण दिवस गाडी मागून घ्या. जो देत नाही, त्याच्याकडे पुढचं बोलणं करू नका.

निघण्याआधी वजनाचा हिशोब

भारक्षमतेचा आकडा बऱ्याच गाड्यांत दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर असतो. तोच धरा, जाहिरातीतला नको. जाहिरातीतला आकडा बहुधा सगळ्यात हलक्या मॉडेलचा असतो. मोठी बॅटरी घेतली की गाडीचं वजन वाढतं आणि तेवढा माल कमी होतो. युरोपात मोकळ्या वजनात चालकाचे ७५ किलो आधीच धरलेले असतात, बाकी बऱ्याच ठिकाणी नसतात, हेही विचारून घ्या. आमच्या ८५० मधून दोन माणसं व त्यांचं सामान १७० आणि लोखंडी अवजारपेटी ९० वजा केली. उरले ५९०. सिमेंटच्या ५० किलोच्या दहा गोण्या आणि ९० किलोचा कॉम्प्रेसर व किरकोळ सामान, एवढ्यात हौदा संपला. डोळ्यांना तो अर्धा रिकामा दिसत होता. पाच गोण्या आणखी सहज मावल्या असत्या आणि गाडी ओव्हरलोड झाली असती. इलेक्ट्रिक मोटर कुरकुर न करता वजन ओढते, त्यामुळे जास्त भरलंय हे चालवताना जाणवतच नाही. कळतं ते ब्रेक लावल्यावर आणि टायर गरम झाल्यावर.

गोण्या हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवून, खाली आणि सपाट रचा. टायरची हवा पट्टीवरच्या ‘पूर्ण भार’ या ओळीप्रमाणे, टायर थंड असताना भरा. टायर बदलताना भार निर्देशांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा, टायरवरच लिहिलेला आकडा) मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. ही गाडी डिझेल पिकअपपेक्षा मुळातच जड असते.

हौद्याची लांबी इथेच मोजून घ्या. फोर्ड एफ-१५० लाइटनिंगचा हौदा साडेपाच फुटी, रिव्हियन आरवनटीचा साडेचार फुटी, टेस्ला सायबरट्रकचा सहा फुटी. आठ बाय चारचं प्लायवूड साडेपाच फुटी हौद्यात ठेवलं तर ७६ सेंटीमीटर बाहेर येतं, फाळका उघडाच ठेवावा लागतो, आणि उघड्या फाळक्यामुळे नंबरप्लेट व दिवे झाकले जात नाहीत ना ते पाहावं लागतं. रोज पाइप किंवा पत्रे नेणाऱ्याने वरची जाळी लावावी. मात्र जाळीवरचा माल वाऱ्यात येतो, आणि त्याची किंमत किती ते पुढे येतंच.

जाताना : ३८ युनिट

रिकामी असताना ही गाडी ताशी ९० ला शंभर किलोमीटरला साधारण २५ युनिट घेते. ८५० किलो भरल्यावर सपाटीवर २७ झाले. माल टपाच्या उंचीच्या आत असेल तर सपाट रस्त्यावर वजन रेंज फारसं खात नाही. पहिले ७० किलोमीटर १९ युनिटांत झाले.

वजन घाटात खातं. ३,६५० किलो वस्तुमान ६०० मीटर वर न्यायला सहा युनिट ऊर्जा लागते, मोटरमधली घट धरून साडेसहा. चढाच्या १४ किलोमीटरला मिळून १० युनिट गेले. पडद्यावरचा रेंजचा आकडा या टप्प्यात इतका भराभर उतरतो की नवा चालक घाबरतो. तो आकडा मागच्या काही किलोमीटरच्या खर्चावरून काढलेला असतो, पुढचा रस्ता त्यात नसतो. चालकाला टक्के आणि प्रत्येक टप्प्याचे युनिट बघायची सवय लावा, किलोमीटरचा आकडा झाकला तरी चालेल. पठाराचे ३४ किलोमीटर ९ युनिटांत. साइटवर पोचलो तेव्हा ६० युनिट, म्हणजे ६१ टक्के शिल्लक.

चढ संपून लगेच उतार असणाऱ्यांसाठी एक गोष्ट : वरच्या गावात मुक्काम असेल तर तिथे १०० टक्के भरू नका. भरलेली बॅटरी उताराची वीज परत घेऊ शकत नाही, रीजेन (वेग कमी होताना मोटरने वीज परत बॅटरीत भरणं) बंद पडतं आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. ८५ ते ९० टक्क्यांवर थांबवा.

साइटवर : ८ युनिट, आणि कॉम्प्रेसरचा प्रश्न

हौद्यातल्या सॉकेटवर कटर, ड्रिल, मिक्सर आणि चार्जिंगच्या अवजारांचे चार्जर दिवसभर चालले. अवजारांनी ६ युनिट घेतले. उरलेले दोन, काहीच चालू नसताना, इन्व्हर्टर आणि गाडीच्या यंत्रणेने घेतले. जेवणाच्या सुट्टीत सॉकेटचा पुरवठा बंद करा, एवढंच सांगणं पुरेसं आहे.

अडला तो कॉम्प्रेसर. दीड किलोवॅटचा, आणि सॉकेट २.४ किलोवॅटचं, म्हणजे कागदावर चालायला हवा. पण थेट सुरू होणारी इंडक्शन मोटर पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. इन्व्हर्टर तो झटका पाहतो आणि स्वतःला बंद करतो. तीनदा बटण दाबलं, तीनदा ट्रिप. उपाय या क्रमाने करून पाहा. आधी टाकीतली हवा पूर्ण सोडा, म्हणजे मोटर दाबाविरुद्ध सुरू होणार नाही. कॉम्प्रेसर बंद होताना ‘फुस्स’ आवाज येत नसेल तर अनलोडर व्हॉल्व्ह (मोटरवरचा हवेचा दाब सोडणारी झडप) अडकलाय, तो साफ करा. लांब, बारीक एक्स्टेंशन काढून २.५ चौरस मिलिमीटरची आखूड केबल लावा, कारण बारीक तारेत व्होल्टेज पडतं आणि मोटर सुरू व्हायला जास्त वेळ घेते. तरीही नाही झालं तर सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारं उपकरण) बसवा किंवा इन्व्हर्टर मोटरचा कॉम्प्रेसर घ्या. आमचा दुसऱ्या उपायावर चालला. स्वतःचं सगळ्यात जड सुरू होणारं यंत्र सोबत नेल्याशिवाय गाडी पसंत करू नका.

दोन्ही टोकांना पिन असलेली केबल करून गाडीची वीज इमारतीच्या सॉकेटमध्ये सोडायचा जुगाड कोणालाही करू देऊ नका. लाइनवर काम करणारा माणूस त्यात मरतो.

बऱ्याच गाड्यांत सॉकेटसाठी बॅटरीची खालची मर्यादा ठरवता येते, बॅटरी तिथवर उतरली की सॉकेट बंद होतं. परतीला लागणारे युनिट अधिक १५ टक्के, हा आकडा सकाळीच टाकून ठेवा, म्हणजे दिवसभर कोणी काहीही लावलं तरी गाडी घरी येते.

येताना : ट्रेलर

सिमेंट उतरलं होतं. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा भाग, इथे १९० किलो, हुकावर येतो आणि तो गाडीच्या भारक्षमतेतूनच वजा होतो. माणसं, पेटी, कॉम्प्रेसर आणि हुक मिळून ५४० किलो, म्हणजे मर्यादेत. येताना हौदाही भरलेला असता तर हा ट्रेलर लावताच आला नसता. टोइंगची क्षमता कितीही टन लिहिलेली असो, बहुतेकांचं गणित इथेच फसतं.

ताशी ९० ला खर्च थेट ५० युनिटांवर गेला, रिकाम्या गाडीच्या दुप्पट. कारण वजन नाही, ट्रेलरची उभी, सपाट पुढची भिंत. तेवढ्याच वजनाचा खुला, ठेंगणा ट्रेलर असता तर खर्च बराच कमी आला असता. पठारात १७ युनिट गेले. घाट उतरताना रीजेनने ३ युनिट परत दिले. सपाटीला लागलो तेव्हा ३८ युनिट होते आणि पुढचे ७० किलोमीटर ३५ मागत होते. तीन युनिटांच्या भरवशावर कोणी ट्रेलर ओढू नये, म्हणून चार्जिंग.

चार्जरवर १५० किलोवॅट लिहिलं होतं, मिळाले ७४. बिघाड नव्हता. तो चार्जर २०० अँपिअरपर्यंतच करंट देत होता आणि बॅटरीचं व्होल्टेज तेव्हा ३७० च्या आसपास होतं. दोन्हींचा गुणाकार ७४ किलोवॅट. आमच्यासारख्या, साधारण ४०० व्होल्टची बॅटरी असलेल्या गाडीसाठी स्टेशन निवडताना किलोवॅटच्या पाटीपेक्षा अँपिअर बघा. १५ युनिट भरायला १२ मिनिटं लागली.

त्याहून जास्त वेळ ट्रेलरने घेतला. चार्जिंगच्या जागा बहुतेक नाक खुपसून उभं राहण्यासाठी केलेल्या असतात, मागे ट्रेलर असला की रस्ता अडतो. सोडताना आधी ट्रेलरच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे, मग हँडब्रेक, मग दिव्यांचा प्लग, ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी तार), साखळ्या, शेवटी पुढचं जॅकचाक खाली करून कपलर (गाडीच्या हुकावर बसणारं ट्रेलरचं तोंड) वर. जोडताना उलटा क्रम. कपलर बसल्यावर जॅकचाकाने ट्रेलरचं नाक थोडं वर उचलून बघायचं : गाडीचा मागचा भाग सोबत उचलला गेला तर कपलर धरलाय. सोडणं, जोडणं, दिवे तपासणं यात २५ मिनिटं गेली. रात्री ते एकट्याने करू नये.

आता दुसरा हिशोब बघा. हाच ट्रेलर ताशी ७५ ने ओढला तर खर्च ४० युनिटांच्या आसपास येतो, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. पठार आणि सपाटी मिळून १०४ किलोमीटरला साधारण १० युनिट वाचतात आणि १४ मिनिटं जास्त लागतात. म्हणजे न थांबता १३ युनिट शिल्लक ठेवून घरी. ९० ने गेलो म्हणून चार्जिंगला ३७ मिनिटं घालवली. ट्रेलर लावला की ७५, हा नियम चालकाला लिहून द्या. ज्यांना रोज उंच ट्रेलर दीडशे किलोमीटरच्या वर ओढायचा आहे, त्यांनी माझ्या मते सध्या ही गाडी घेऊ नये. माल हौद्यातच जात असेल तर बिनधास्त घ्यावी.

गोदामात चार्जर

परतलो तेव्हा १८ युनिट होते. ८० भरायचे तर घट धरून मीटरवर साधारण ८९. ७.४ किलोवॅटच्या सिंगल फेज चार्जरवर १२ तास, म्हणजे संध्याकाळी सातला लावली तर सकाळी सातला जेमतेम तयार. थ्री फेज ११ किलोवॅटवर आठ तास, पण गाडीच्या आतला चार्जर तेवढं घेतो का ते आधी विचारा. साध्या सॉकेटवर, २.३ किलोवॅटने, ३९ तास.

वायरिंगचा खर्च गाडीच्या खर्चात आधीच धरा. ३२ अँपिअरचा भार रात्रभर अखंड चालतो, गिझरसारखा मधे बंद होत नाही, त्यामुळे सैल स्क्रू इथे वितळतो. या चार्जरला बोर्डापासून वेगळी तार, ४० अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की तुटणारा स्विच), अंतराप्रमाणे ६ किंवा १० चौरस मिलिमीटर तांबं, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखण्याची सोय नसेल तर आरसीसीबी टाइप बी लागतो. साधा बसवला तर डीसी गळतीने तो आंधळा होतो, खरी गळती त्याला कळत नाही, आणि हे बऱ्याच इलेक्ट्रिशियनना माहीत नसतं. पहिल्या आठवड्यानंतर पुरवठा बंद करून सगळे स्क्रू पुन्हा एकदा आवळून घ्या.