शेंडा बुडाशी

वीतभर वाढलेल्या गव्हाला खोड नसतं, असं कुणी सांगितलं तर चटकन पटत नाही. उभा तर दिसतोय की! पण डिसेंबरच्या सुरुवातीला एक रोप उपटावं आणि अंगठ्याच्या नखानं बुडापासून वर चिरावं. केळीचा बुंधा सोलावा तसे पदर सुटत जातात. सगळी पानांची म्यानं, एकात एक घट्ट गुंडाळलेली. खरं खोड म्हणजे मातीत दडलेली जेमतेम काही मिलिमीटरची गाठ, आणि तिच्या टोकावर शेंडा.

शेंडा असा बुडाशी ठेवण्यात मोठा धोरणीपणा आहे. निफाडकडे मामाचं शेत आहे. पंधरा-वीस दिवसांच्या गव्हात शेळ्या शिरल्या तर मामा जुजबी ओरडतो. पीक कांडी धरायला लागल्यावर शिरल्या, तर मात्र शेळीवाल्याच्या सात पिढ्या निघतात. कारण उघड आहे. आधी शेळी फक्त पानं खाते, आणि गवतवर्गातलं पान बुडाकडून वाढत असल्यामुळे वरून तुटलं तरी खालून सरकत वर येतं. एकदा कांड्या लांबू लागल्या की शेंडा जमिनीच्या वर येतो आणि मग शेळीच्या तोंडात तोच सापडतो.

ही गाठ जमिनीखाली दोन-तीन सेंटिमीटरवर बसते. दाणा खोल पडला, तर रोप एक बारीक पांढरा देठ लांबवून तेवढं अंतर भरून काढतं, पण गाठ आपल्या ठरल्या जागीच मारतं. दाण्यातून आधी निघालेली मुळं वेगळी आणि या गाठीतून फुटणारी मुकुटमुळं वेगळी. पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांनी ती फुटतात, फुटवेही, म्हणजे बुडातून निघणारे नवे कोंब, त्याच सुमारास जोर धरतात. गव्हाला एकच पाणी देणं शक्य असेल तर ते याच वेळी द्या, असं कृषी विद्यापीठ सांगतं ते यासाठी.

शेत नसेल तर नवरात्रातला घट बघावा. सकाळी प्रत्येक पात्याच्या टोकावर एक थेंब असतो. देवघरात दव कुठून पडणार? मुळांनी रात्रभर खालून रेटलेलं पाणी पात्याच्या टोकाच्या छिद्रातून बाहेर येतं. नऊ दिवसांत एवढंच दिसतं. पुढचं नाटक आपण विसर्जन करून टाकतो.

आणि पुढचंच भारी आहे. कांडी धरायच्या सुमारास आत इवलीशी ओंबी तयार असते, आणि तिच्यावर किती कणिशकं, म्हणजे दाणे धरणारे छोटे झुपके, असतील याचा निकालही लागलेला असतो. पीक पोटरीत आलं, म्हणजे वरच्या पानाच्या म्यानात ओंबी फुगलेली दिसू लागली, की आपण बांधावर उभे राहून अंदाज बांधतो, पण गव्हाच्या लेखी ती जुनी बातमी असते. फुलांचंही तेच. पिवळे परागकोश बाहेर लोंबताना दिसतात, तोवर आतलं काम बहुतेक उरकलेलं असतं.

उंचीच्या बाबतीत मात्र माणसानं हात घातला. जुने उंच गहू खत जास्त झालं की लोळायचे. जपानच्या नोरिन 10 या वाणातला बुटकेपणा कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोतल्या गव्हात आणला आणि 1960 च्या दशकात तो आपल्याकडे पोचला. तरी वाऱ्यानं लोळलेला गहू बघण्यासारखा असतो. पेराशी खालची बाजू जास्त वाढते आणि काडी कोपरातून वळून पुन्हा वर बघू लागते.

दाणे भरताना खालची पानं वाळलेली असतात. दाण्याचं पोट भरतं ते मुख्यतः सगळ्यात वरचं ध्वजपान आणि कुसळांसकट हिरवी ओंबी. उन्हाचा चटका लवकर बसला की पीक घाईनं पिकतं आणि दाणा चिमतो. म्हणून मामा नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा सहसा चुकवत नाही. ज्यांचा ऊस तुटायला उशीर होतो ते शेजारी डिसेंबरात पेरतात, आणि मग फेब्रुवारीभर भेटेल त्याला थंडी किती दिवस टिकेल ते विचारत बसतात.