लॉगबुकातला एक रकाना

आमच्या शिफ्टच्या लॉगबुकात स्ट्रिपर नावाच्या टॉवरच्या माथ्यावरून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइड वायूचा एक रकाना होता. दर तासाला तो आकडा लिहायचा. स्ट्रिपर तापवणाऱ्या रिबॉयलरचं तापमान किंवा टॉवरमधला दाब जरा हलला की फोन वाजायचे. या रकान्याबद्दल अकरा वर्षांत एकाही वरिष्ठाने मला काही विचारलं नाही. तो वायू कोणाला विकायचा नव्हता, व्हेंटमधून, म्हणजे उघड्या नळीतून, आकाशात जायचा.

मी नैसर्गिक वायू शुद्ध करणाऱ्या प्रकल्पात होतो. विहिरीतून येणाऱ्या वायूत कार्बन डायऑक्साइड मिसळलेला असतो. तो जळत नाही आणि ओल मिळाली की पाइप खातो, म्हणून काढावाच लागतो. उंच टॉवरमध्ये वरून अ‍ॅमाइन या रसायनाचं द्रावण झिरपतं, खालून वायू चढतो आणि वाटेत अ‍ॅमाइन कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं. तेच द्रावण स्ट्रिपरमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवलं की धरलेलं सोडतं, आणि थंड होऊन पुन्हा पहिल्या टॉवरकडे जातं. या पद्धतीचं पेटंट १९३० सालचं आहे. त्यामुळे ‘कार्बन कॅप्चर’, म्हणजे कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्याआधी पकडणं, हे उद्याचं तंत्रज्ञान म्हणून वाचायला मिळतं तेव्हा मला तो रकाना आठवतो. पकडणं आम्हाला येत होतं. पकडून हाती आलेला, जवळजवळ शुद्ध वायू आम्ही सोडून देत होतो, कारण सोडायला पैसे पडत नव्हते.

नॉर्वेत पैसे पडू लागले. १९९१ साली तिथल्या सरकारने समुद्रातल्या तेल-वायू उद्योगावर कार्बन कर लावला. उत्तर समुद्रातल्या स्लाइपनर क्षेत्राच्या वायूत सुमारे ९ टक्के कार्बन डायऑक्साइड होता आणि विकण्यासाठी तो अडीच टक्क्यांवर आणायचा होता. यंत्रणा आमच्यासारखीच, अ‍ॅमाइनची. पण तिथे व्हेंट उघडण्याचा खर्च ताळेबंदात दिसत होता. १९९६ पासून तो वायू समुद्रतळाखाली ८०० मीटरहून खोल, खाऱ्या पाण्याने भरलेल्या वालुकाश्मात सोडला जाऊ लागला, वर्षाला साधारण दहा लाख टनांच्या घरात.

एवढ्या खोल का, हे सांगायला मला नेहमी आवडतं. ३१ अंश तापमान आणि सुमारे ७४ बार दाब यांच्या वर कार्बन डायऑक्साइड धड वायू राहत नाही, धड द्रवही होत नाही. वायूसारखा वाहतो, पण घनता द्रवासारखी. जमिनीवर पाचशे घनमीटरहून जास्त जागा घेणारा एक टन वायू त्या खोलीवर दीड-दोन घनमीटरांत मावतो. दगडाच्या कणांमधल्या फटींत तो शिरतो, वरचा शेल या चिकणमातीच्या खडकाचा घट्ट थर त्याला अडवतो, काही भाग हळूहळू खाऱ्या पाण्यात विरघळतो. आइसलँडमध्ये तर तो पाण्यात विरघळवूनच बेसॉल्टमध्ये सोडला आणि दोन वर्षांच्या आत त्यातल्या बहुतेकाचे कार्बोनेट खनिज झाले. दगडच झाला. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नव्हती.

पण खडक आपल्या हिशेबाने वागेलच असं नाही. नॉर्वेच्याच स्नोव्हिट प्रकल्पात २००८ मध्ये सुरुवात झाल्यावर भूगर्भातला दाब अपेक्षेपेक्षा झपाट्याने चढला आणि वायू दुसऱ्या थरात वळवावा लागला. अल्जीरियात इन सालाह इथे जमीन काही मिलिमीटर उचलली गेल्याचं उपग्रहांना दिसलं, वरच्या थराबद्दल शंका आली आणि २०११ मध्ये काम थांबलं. दोन्हीकडे कोणीतरी सतत मोजत होतं, म्हणून हे कळलं.

मला स्वतःला भूगर्भापेक्षा वायू तिथवर नेणाऱ्या पाइपलाइनची काळजी जास्त वाटते. हा वायू हवेपेक्षा जड, दिसत नाही, खोलगट जागी साचतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात सॅटार्शिया गावाजवळ अशी पाइपलाइन फुटली आणि ४५ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. गाड्यांची इंजिनं बंद पडली, कारण त्यांनाही प्राणवायू लागतो. आम्ही प्रकल्पात खड्ड्यात उतरण्याआधी वायू मोजायचा मीटर खाली सोडून बघायचो. गावातल्या माणसाच्या हातात मीटर नसतो.

कोळशाच्या वीजकेंद्रांना हे जोडावं का? माझं मत नाही असंच आहे. चिमणीतल्या धुरात कार्बन डायऑक्साइड बारा-पंधरा टक्केच, दाब नाही, शिवाय ऑक्सिजन आणि गंधकाची ऑक्साइडं अ‍ॅमाइन खराब करतात. आणि रिबॉयलरला लागणारी वाफ केंद्राच्याच विजेतून वजा होते. कॅनडातल्या बाउंडरी डॅम केंद्रात २०१४ पासून हे चालू आहे आणि वर्षाला दहा लाख टनांचं उद्दिष्ट गाठायला त्यांना फार झगडावं लागलं. विजेसाठी सूर्य आणि वारा आहेत.

सिमेंटला तसा पर्याय नाही. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच निघतो, भट्टी कशावरही पेटवा. नॉर्वेतल्या ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात २०२५ मध्ये वर्षाला चार लाख टन पकडणारी यंत्रणा सुरू झाली, कारखान्याच्या उत्सर्जनाच्या जवळपास निम्मा. तिथला वायू द्रवरूपात जहाजाने जातो आणि समुद्रतळाखाली २,६०० मीटरवर सोडला जातो. माझ्या मनात या तंत्राची खरी जागा इथे आहे.

आज जगभरात वर्षाला पकडता येतो तो साधारण पाच कोटी टन. जीवाश्म इंधनं आणि सिमेंट मिळून सोडतात सुमारे ३,७०० कोटी टन. हजार टनांमागे दीड टनही नाही, आणि पकडलेल्यातला मोठा भाग जुन्या विहिरींतून आणखी तेल काढायला वापरला जातो. एवढ्याशा पकडीच्या जोरावर कोणी नव्या खाणीचं समर्थन करतं तेव्हा मला राग येतो.

मागच्या महिन्यात माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलाचा फोन आला. त्याला एका सिमेंट कारखान्यातल्या कॅप्चर युनिटवर नोकरी मिळत होती. “सर, जाऊ का?” मी म्हटलं, अ‍ॅमाइनचं तुला सगळं येतं, ते विचारू नकोस. पकडलेला वायू जमिनीत सोडायची विहीर कुठे आहे ते विचार. दाब किती चढला की थांबायचं, हे कोणी ठरवलंय ते विचार. युनिट चालू आणि विहीर बंद, अशा दिवशी वायू कुठे जाणार ते विचार. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्याला लगेच मिळाली. तिसऱ्याला त्यांनी सांगितलं, “व्हेंट आहे ना.” तो अजून ठरवतोय. मी त्याला म्हटलंय, गेलास तर त्या व्हेंटवर मीटर बसवून घे आणि त्याचा आकडा रोज कोणाच्या तरी टेबलावर जाऊ दे.